पीकपेरा आता बांधावरून

हिंगोलीतली हळद असो वा सोयाबीन, सातबाऱ्यावर पीक चढे ते तलाठ्याच्या लेखणीतून. गाव नमुना बारा तोच भरी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि गट क्रमांक, पीक, क्षेत्र शेतकरी स्वतः मोबाइलवर भरू लागला. नुसता कागद गेला, एवढाच हा बदल नाही. पिकाच्या फोटोसोबत अक्षांश-रेखांशही नोंदले जातात, म्हणून चावडीत बसून अंदाजाने पेरा लिहिणे अवघड झाले.

रेंज नाही, फोन साधा, त्याने काय करावे? आक्षेप रास्तच, पण त्यावर उतारा जुनी वही नव्हे (तीत चूक झाली तर दिसायचीही उशिरा). गावपातळीवर सहायक नेमून सरकारने थोडी वाट काढली आहे. हमीभावाच्या खरेदीलाही हीच नोंद लागते, तेव्हा मुदत हुकलेल्याला दुरुस्तीही तितकीच सोपी हवी.