प्रश्न बदलला की आकडा बदलतो

लोकसंख्येचे शास्त्र हा जेमतेम सातवी शिकलेल्या आमच्यासारख्याचा प्रांत नव्हे. परंतु विडी कामगारांत संघटनेचे काम करताना ते आमच्या वाटेत आडवे आले, म्हणून त्याच्याशी ओळख करून घ्यावी लागली.

सभासद नोंदवण्यासाठी आम्ही घरोघर जात असू. उंबऱ्याशी बसलेल्या बाईला विचारावे, "बाई, काम करता का?" मांडीवर सूप, सुपात पाने नि तंबाखू, हात चाललेलेच, आणि उत्तर यावे, "नाही हो दादा, घरीच असते." मग आम्ही प्रश्नच बदलला: "दिवसाला विड्या किती होतात?" "होतात सातआठशे." बाई तीच, काम तेच, पण आता ती आमच्या वहीत कामगार म्हणून चढली.

असेच काहीसे देशाच्या जनगणनेतही घडले आहे. 1951 साली माणसांची विभागणी कमाईवरून झाली: स्वावलंबी, कमावते अवलंबित आणि न कमावते अवलंबित. 1961 साली कमाईऐवजी काम पाहावयाचे ठरले. शेती, घरगुती उद्योग अशा कामांत हंगामाचा बहुतेक काळ रोज तासाभराहून अधिक राबणारा तो कामगार, मग हाती मजुरी पडो वा न पडो. ही व्याख्या फार सैल वाटली, म्हणून 1971 साली आधी मुख्य उद्योग विचारला गेला. ज्या बाईने 'घरकाम' असे सांगितले, ती हंगामात शेतावर खपत असली तरी कामगारांच्या मुख्य गणतीत आली नाही. 1961 साली कामकरी स्त्रिया सुमारे 6 कोटी होत्या. 1971 साली त्या सुमारे 3 कोटी भरल्या.

दहा वर्षांत तीन कोटी बाया काम टाकून घरी बसल्या काय? खऱ्या रोजगाराची घट किती, यावर अभ्यासकांत वाद झाले. परंतु एवढ्या मोठ्या फरकामागे बदललेली व्याख्या होती, हे उघड आहे. 1981 साली वर्षातून 183 दिवस वा अधिक काम करणारे ते मुख्य आणि त्याहून कमी करणारे ते सीमांतिक कामगार, असे दोन वर्ग केले गेले. स्त्रियांच्या श्रमाचा अभ्यास करणाऱ्यांनी पाठपुरावा केला, आणि 1991 च्या प्रश्नातच घरच्या शेतातील वा धंद्यातील बिनमजुरीचे काम धरावे, असे स्पष्ट घालण्यात आले.

पुढे 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. तीत 'काम करता का' यावर न थांबता आदल्या दिवसाचे चोवीस तास कसे गेले ते विचारले गेले. बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत स्त्रियांची त्यात रोज सरासरी 299 मिनिटे जात होती, पुरुषांची 97.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. आमच्या भागात कित्येक सुनांच्या विड्या सासूच्या कार्डावर चढत. सासू गेली की कार्ड गेले, आणि वीस वर्षे विड्या वळलेली सून फंड मागायला कोऱ्या हाताने उभी राहिली. ज्याची नोंद नाही, त्याला हक्क मागताना आधी आपण आहोत हेच सिद्ध करावे लागते.

तेव्हा वर्तमानपत्रात कामकऱ्यांचा आकडा वाढला वा घटला असे वाचाल, त्या वेळी एवढे जरूर विचारा: प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता, आणि उत्तर त्या बाईने स्वतः दिले की तिच्या वतीने घरातल्या दुसऱ्या कुणी?