डब्यात ओतलेला पिस्टन

न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकारगिलच्या बर्ट मन्रो यांनी 1920 साली घेतलेली ‘इंडियन स्काउट’ मोटरसायकल मुळात ताशी जेमतेम 90 किलोमीटर धावायची. पुढची जवळपास पाच दशकं ते तिचं इंजिन उघडत, सुधारत राहिले.

600 सीसीचं इंजिन वाढत वाढत 950 सीसीपर्यंत गेलं. सिलिंडरच्या बाजूचे व्हॉल्व्ह डोक्यावर आले, त्यामुळे इंधन-हवेच्या मिश्रणाची वाट मोकळी झाली. खरी परीक्षा मात्र वेगाची. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की पिस्टनला खालीवर खेचणारं बल चौपट होतं. धातू थकतो, तुटतो. मन्रो जुन्या डब्यांत पिस्टन ओतत, ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून कनेक्टिंग रॉड घडवत. केवढी ही चिकाटी!

ऑगस्ट 1967. अमेरिकेतलं बॉनव्हिलचं मिठाचं मैदान. मन्रो 68 वर्षांचे, गाडी 47 वर्षांची. 1000 सीसीखालच्या गटात विक्रम झाला: ताशी 295 किलोमीटरच्या पुढे.