आळी, वठार आणि नाका

एखाद्या गावाचा इतिहास जाणून घ्यावयाचा असला, म्हणजे आपण ग्रंथ उघडतो, ताम्रपट व शिलालेख शोधतो. परंतु जेथे ताम्रपट नाही आणि शिलालेखही नाही, अशा साध्या वस्तीचा इतिहासही कोठेतरी नोंदलेला असतो. तो पुष्कळदा तिच्या नावात सापडतो. ही नावे आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, पत्त्यावर लिहितो, रिक्षावाल्याला सांगतो. पण त्यांचा अर्थ काय, हा प्रश्न क्वचितच आपल्या मनात येतो. बालमित्रांनो, रत्नागिरी शहराच्या जुन्या वस्तीतील अशा काही नावांचा अर्थ आपण ह्या पाठात लावून पाहू.

रत्नागिरी हे अरबी समुद्राच्या काठी वसलेले शहर आहे. त्याच्या वरच्या अंगाला जांभ्या दगडाची उघडी, सपाट जमीन आहे. तिला तेथील लोक सडा म्हणतात. सड्यावरून उतरत समुद्राच्या दिशेने निघाले, की माडांच्या सावलीत जुनी वस्ती लागते. एका बाजूस समुद्रात शिरलेला रत्नदुर्ग किल्ला आणि दुसऱ्या बाजूस काजळी नदीची भाट्याची खाडी, असा तिचा थाट आहे. १८१८ साली पेशवाईचा अस्त झाल्यावर हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. दक्षिण कोकणचे मुख्य ठाणे प्रथम बाणकोट येथे होते. ते १८२२ साली रत्नागिरीस आले. ठाण्यामागोमाग कचेऱ्या आल्या, न्यायालय आले, शाळा आल्या. १८२८ साली येथे वाचनालय स्थापन झाले. महाराष्ट्रातील अगदी जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. १८७६ साली नगरपालिका आली. अशा रीतीने बंदराच्या गावाचे शहर झाले.

आता ह्या शहरातील वस्त्यांची नावे ऐका : राम आळी, तेली आळी, वरची आळी, खालची आळी, घुडेवठार, चवंडेवठार, राजिवडा, मिरकरवाडा, गवळीवाडा, गोखले नाका, माळनाका. आळी म्हणजे दोन्ही बाजूंस घरांच्या ओळी असलेला रस्ता. वठार हा शब्द देशावरच्या मुलांना नवा वाटेल. तो कोकणातला व गोमंतकातला असून त्याचा अर्थ वस्तीचा एक भाग असा आहे. नाका म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पहारा ठेवण्याची किंवा मालावर जकात घेण्याची जागा. पुढे पहारा गेला, जकातही गेली. पण चार रस्ते जेथे मिळतात, त्या जागेला नाका म्हणण्याची चाल मात्र राहिली.

नावातील पहिला शब्दही असाच बोलका असतो. तेली आळीत कोणता व्यवसाय चाले आणि गवळीवाड्यात कोणाची गोठाणे असत, हे सांगावयास नको. घुडे व चवंडे ही तर आडनावेच आहेत. राजिवडा आणि मिरकरवाडा ह्या मच्छीमारांच्या वस्त्या. तेथील माणसांचे घड्याळ भिंतीवर नसून भरती-ओहोटीत असते. वरची आळी आणि खालची आळी ह्या नावांत तर जमिनीचा उतारच उतरला आहे. ज्या गावी पाय सदा चढण चढतात किंवा उतरतात, तेथे माणूस दिशा सांगताना उत्तर-दक्षिण न म्हणता वर आणि खाली असेच म्हणणार! एका वस्तीतून दुसरीत जाण्यासाठी दोन्ही बाजूंस दगडी गडगे आणि मध्ये जांभ्याच्या पायऱ्या असलेली वाट असते. तिचे नाव पाखाडी. पावसाळ्यात तिच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि भल्याभल्यांना जपून पाऊल टाकावे लागते.

समुद्रकाठच्या भागाला मांडवी म्हणतात. हे नाव मुंबईतही आहे. मांडवी म्हणजे बंदरावरील जकातीची जागा. एवढ्या एका शब्दावरून कळते, की येथे गलबते लागत, माल उतरे आणि त्यावर कर घेतला जाई. पुढे आगबोटी आल्या. मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरीसमोर आली, की किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात नांगर टाकी. मग पडाव तिच्याजवळ जात आणि माणसे, वळकट्या, ट्रंका व आंब्याच्या पेट्या ह्यांची चढउतार होई. ‘बोट लागली’ ह्या दोन शब्दांना तेव्हा दोन अर्थ होते. बोट बंदरात आली, हा एक. आणि बोटीच्या हेलकाव्यांनी प्रवाशाला मळमळू लागले, हा दुसरा. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे! पावसाळ्यात समुद्र खवळला, की ही वाहतूक बंद पडे. मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत नोकरी करणारा चाकरमानी आणि त्याचे घर ह्यांच्यामध्ये मग घाटांची अवघड वाट तेवढी उरे.

खुष्कीच्या प्रवासानेही आपली खूण ठेवली आहे. बैलगाड्या जेथे सोडीत, ती जागा गाडीतळ. गाड्या गेल्या, बैल गेले, गाडीतळ हे नाव आहे. त्यानंतर मोटारी धावू लागल्या आणि त्यांच्या थांब्यावरून साळवी स्टॉप हे नाव रूढ झाले. ह्या नावात इंग्रजी शब्द मराठी आडनावाच्या शेजारी निर्वेधपणे बसला आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण कोकण रेल्वेमार्ग सुरू झाला. त्या अगोदरच प्रवासी बोटींचे दिवस ओसरले होते. मांडवी, गाडीतळ आणि साळवी स्टॉप ही तीन नावे क्रमाने उच्चारली, तरी कोकणच्या दळणवळणाचा इतिहास सांगून होतो.

ह्या आळ्यांतील जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची आणि उतरत्या कौलारू छपरांची असत. काही अद्याप उभी आहेत. पुढे अंगण, मग पडवी किंवा ओटी, आत माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी परसू व विहीर, अशी त्यांची रचना. छपराला उतार हवाच. कारण येथे चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो. म्हणून चैत्र-वैशाखात घरोघर बेगमीची घाई उडते. अंगणात आंब्याची साठे आणि फणसाच्या पोळ्या वाळतात, आमसुले भरली जातात, सुकी मासळी डब्यांत जाते, लाकूडफाटा आडोशाला रचला जातो. पूर्वी पावसाची झड घरात येऊ नये म्हणून ओटीच्या कडेने माडाच्या झावळ्यांचे झाप बांधीत. एका घरचे झाप बांधावयास शेजारच्या घरची माणसे येत. जेथे पाऊस इतका, तेथे शेजाऱ्यावाचून चालत नाही.

शिमग्यात ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी बाहेर पडते. भैरी हे बारा वाड्यांचे दैवत मानले जाते. पालखी वस्तीवस्तीतून फिरते, आणि वर्षभर आपापल्या कामात गुंतलेल्या वाड्या त्या दिवसांत ढोलांच्या आवाजाने एकत्र येतात. मुंबईचा चाकरमानीही त्यासाठी रजा काढून येतो.

काही वस्त्यांची नावे मात्र थोर पुरुषांवरून पडली आहेत. टिळक आळी हे त्यांपैकी एक होय. बाळ गंगाधर टिळक ह्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत येथे शिक्षक होते. १८६६ साली त्यांची बदली पुण्यास झाली आणि दहा वर्षांचा बाळ रत्नागिरी सोडून गेला. टिळक आळीतील ते कौलारू घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे.

ह्या आळीपासून दूर, उंचावर, आणखी एका नावाची वस्ती आहे : थिबा पॅलेस. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. त्याची राजधानी मंडाले. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य जिंकले आणि १८८६ साली त्याला परिवारासह रत्नागिरीस आणून ठेवले. अशी अदलाबदल इंग्रजांनी पूर्वीही केली होती. दिल्लीचा बादशहा बहादुरशहा जफर ह्याला त्यांनी १८५८ साली रंगूनला पाठविले आणि तेथेच १८६२ साली त्याचा अंत झाला. थिबासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली पुरा झाला. त्याच्या गच्चीवरून खाडी व समुद्र दिसे. पण त्या समुद्रावरून स्वदेशी जाणे राजाच्या नशिबी नव्हते. १९१६ साली तो येथेच निवर्तला. त्याची समाधी शिवाजीनगर भागात आहे. थोरली राजकन्या पुढेही रत्नागिरीतच राहिली आणि तिची मुलगी तर मराठी बोलणारी रत्नागिरीकरच झाली. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन ह्यांनी रत्नागिरीस येऊन त्या समाधीचे दर्शन घेतले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. १९०८ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांना कोठे ठेवले? मंडालेच्या तुरुंगात! मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत बंदिवान, असे हे १९०८ ते १९१४ पर्यंत चालले होते. ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ टिळकांनी त्या तुरुंगातच लिहिला. एका लहानशा शहरातील दोन वस्त्यांची नावे आपल्याला अशी समुद्रापार घेऊन जातात आणि साम्राज्य म्हणजे काय असते, हे समजावून देतात.

नावांनी सांगितलेला इतिहास सगळाच गोड नसतो. ज्या काळी तेल्यांची आळी वेगळी आणि गवळ्यांचा वाडा वेगळा होता, त्या काळी केवळ व्यवसायच वेगळे नव्हते. पंगती वेगळ्या होत्या, विहिरी वेगळ्या होत्या. अस्पृश्य मानलेल्या लोकांना तर आळीत घरच नसे. त्यांची वस्ती गावाच्या कडेला असे. भर पावसाच्या ह्या मुलखातही त्यांना सार्वजनिक विहिरीचे पाणी मिळत नसे. त्यांच्या मुलांना शाळेत इतर मुलांपासून दूर बसविले जाई. ज्या वेदना आळीच्या नावात उमटल्या नाहीत, त्याही तिच्या इतिहासाचा भाग आहेत.

ही स्थिती पालटण्यासाठी अनेकांनी कष्ट घेतले. रत्नागिरीच्या उत्तरेस महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे कृतीने सांगितले. रत्नागिरीत त्या वेळी विनायक दामोदर सावरकर स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही आणि राजकारणात भाग घ्यावयाचा नाही, अशा अटींवर त्यांना १९२४ ते १९३७ पर्यंत येथे राहावे लागले. ह्या काळात त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध चळवळ केली; सर्व मुलांनी शाळेत एकत्र बसावे असा आग्रह धरला आणि सहभोजने घडवून आणली. गरिबीतून वर आलेले आणि मुंबईत मोठे बांधकाम-कंत्राटदार झालेले रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर ह्यांनी आपले द्रव्य खर्चून पतितपावन मंदिर बांधले. सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले हे मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी उघडले. ह्याच रत्नागिरीत १९१३ साली जन्मलेल्या धनंजय कीर ह्यांनी पुढे सावरकर आणि आंबेडकर ह्या दोघांचीही चरित्रे लिहिली. अस्पृश्यता पाळणे हा आता आपल्या संविधानाने गुन्हा ठरविला आहे. तेली आळीत राहावयास आज तेली असावे लागत नाही. कोणीही तेथे घर घेऊ शकतो. नाव तेच राहिले, पण त्याच्याभोवतीची अदृश्य भिंत पाडावी लागली, आणि ती आपोआप पडली नाही.

आता ह्या आळ्या झपाट्याने बदलत आहेत. चिरेबंदी घरांच्या जागी अनेक मजल्यांच्या इमारती उठत आहेत. विहिरी बुजत आहेत, पाखाड्यांवर काँक्रीट पडत आहे. नव्या इमारतींना नवी नावे मिळतात. ह्याचे दुःख करीत बसण्याचे कारण नाही. वाढत्या कुटुंबांना घरे हवीतच, आणि आजारी माणसाला न्यावयाचे असले, तर पायऱ्यांपेक्षा सडक बरी. परंतु घर पाडताना नाव पुसले जाऊ नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो. कारण घराचा नकाशा कचेरीत मिळेल. वठाराला ते नाव का पडले, हे मात्र तेथील वृद्ध माणसांनाच ठाऊक असते. ती माणसे गेली, की ते ज्ञानही जाते.

म्हणून मुलांनो, येत्या सुट्टीत एक काम करा. तुम्ही रत्नागिरीत राहत असा, की सोलापुरात, की नागपुरात, आपल्या आळीचे, पेठेचे किंवा वाडीचे नाव वहीत लिहा. ते कोणी दिले, कशावरून दिले, तेथे पूर्वी कोण राहत, पाणी कोठून आणीत आणि कोणाला तेथे पाणी भरू देत नसत, हे आजी-आजोबांना व शेजाऱ्यांना विचारा. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या, तर दोन्ही लिहून घ्या आणि सांगणाऱ्याचे नाव व दिनांक त्याखाली टाका. इतिहासकारही ह्याहून फारसे निराळे काही करीत नाहीत. अशा वह्या शाळेत जमल्या, तर तुमच्या गावाचा एक इतिहास तयार होईल, आणि तो लिहिणारे तुम्हीच असाल.