घरबसल्या काम, पण भोंगा कोण वाजवणार?

नवा मिक्सर घेतला की सोबत एक पुस्तिका मिळते. यंत्र कसे जोडावे, काय टाळावे, बिघाड झाल्यास काय करावे, हे तिच्यात दिलेले असते. मोठी यंत्रे, संगणक प्रणाली आणि कारखान्यातील रसायने यांच्याही अशा माहितीपुस्तिका असतात. त्या लिहिणाऱ्यास तांत्रिक लेखक म्हणतात. संगणक, वीज व इंटरनेट असेल तर हे काम कोठूनही करता येते. मार्च 2020 च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याची अनेक मंडळी गावी परतली आणि घरून काम करणे कोकणालाही परिचयाचे झाले. पुण्याच्या कंपनीची पुस्तिका रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीत बसूनही लिहिता येते.

नोकरी नाही, कामागणिक पैसे, असा हा व्यवसाय. साहेब नाही, प्रवास नाही. मग प्रकृती बिघडते कशाने?

कारखान्यातील कामगाराची पाळी ठरलेली असते. भोंगा झाला की हात थांबतात. 1948 च्या कारखाने कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सक्तीची केली होती. घरी काम करणाऱ्यास असा भोंगा नाही. "एवढे पान संपवू" म्हणता म्हणता रात्रीचे अकरा वाजतात. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 तास वा अधिक काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त आढळतो.

डोळे : पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके दुखते. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद तरी वीस फुटांपलीकडे पाहावे. हिरकणीवाडीकरांना तर खिडकीतून गडाचा कडा पाहता येईल!

पाठ व मान : मणक्यांमधील चकत्यांना थेट रक्तपुरवठा फारसा नसतो. हालचालीमुळे त्यांना पोषण मिळण्यास मदत होते. म्हणून तासन् तास एकाच स्थितीत बसणे वाईट. लॅपटॉप मांडीवर घेऊन गादीवर बसू नये. तो पुस्तकांच्या चळतीवर ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीत आणावा व वेगळा कीबोर्ड जोडावा. कोपर काटकोनात, पाठीला आधार, पाय जमिनीवर टेकलेले असावेत. पाय पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवावा. दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालावे.

मनगट : अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना रात्री मुंग्या येत असतील तर मनगटातील नस दाबली जात असण्याची शक्यता असते. दुर्लक्ष करू नये.

झोप व मन : आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्यातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी साचलेले काम जागरण करून उरकले जाते. त्यापेक्षा जुलै-ऑगस्टची कामे घेतानाच चार दिवस जास्त मागून घ्यावेत. दिवसभर कोणाशी बोलणे होत नसेल तर संध्याकाळी गावात फेरी मारावी. चालणे होते आणि माणसेही भेटतात. आठवड्यातून किमान 150 मिनिटे भरभर चालणे प्रौढांस आवश्यक आहे.

पायात कळ जाऊन पाय लुळा वाटणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवीवरील ताबा सुटणे ही धोक्याची लक्षणे होत. घरगुती मालिशीत वेळ न घालवता तत्काळ रुग्णालय गाठावे. हिरकणीवाडीहून महाड सुमारे 25 किलोमीटर आहे, हे ध्यानात ठेवावे.

कामागणिक पैसे घेणाऱ्यास पगारी रजा नसते. आजारपणाचा प्रत्येक दिवस बिनपैशाचा जातो. म्हणून मिळकतीचा काही भाग बाजूला ठेवावा, आरोग्य विमा उतरवावा आणि काम बंद करण्याची वेळ भिंतीवर लिहून ठेवावी. यंत्राच्या पुस्तिकेत "सलग वापरू नये" अशी सूचना आपण लिहितो. ती शरीरालाही लागू आहे.