परदेशातील पहिला मोटारप्रवास : आखणी कशी करावी?

परीक्षा संपत आल्या की आपल्याकडे घरोघरी सुट्टीचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत आजोळापर्यंत, फार तर एखाद्या तीर्थक्षेत्रापर्यंत वा थंड हवेच्या ठिकाणापर्यंत जात. आता काही कुटुंबे त्यापुढे पाऊल टाकून परदेशी जातात आणि तेथे भाड्याची मोटार घेऊन स्वतःच्या हाताने ती चालवीत देश पाहतात. अशा प्रवासात मनाला येईल तेथे थांबता येते, मुलांना व वडीलधाऱ्यांना आपल्या सवडीने नेता येते, हे खरे. परंतु ज्या मोकळेपणासाठी आपण मोटार घेतो, तोच मोकळेपणा घाईने केलेली आखणी पहिल्या दोन दिवसांतच हिरावून घेते. यास्तव अशा सहलीची आखणी कशी करावी, याचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करू.

उदाहरण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचे घेतो. पहिल्या मोटारप्रवासासाठी हा प्रदेश आपल्याला सोयीचा आहे. तेथेही वाहने डाव्या बाजूने चालतात, फलक इंग्रजीत असतात आणि थोड्या मुदतीसाठी गेलेल्या पाहुण्याला भारतीय परवान्यावर गाडी चालविता येते. शिवाय या देशाचे आणि आपले एक जुने नाते आहे. १९५३ साली तेनझिंग नोर्गे यांच्यासह एव्हरेस्टचे शिखर गाठणारे एडमंड हिलरी हे न्यूझीलंडचे. पुढे १९८५ ते १९८९ या काळात ते त्यांच्या देशाचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत राहिले होते.

एक प्रश्न

आमच्या घरी या सहलीचा पहिला आराखडा झाला, तेव्हा तो पाहून सर्वांना मोठे समाधान वाटले होते. अकरा दिवसांत उत्तर आणि दक्षिण अशी दोन्ही बेटे, नऊ मुक्काम, मधली सामुद्रधुनी ओलांडणारी बोट, हिमनद्या, सरोवरे – काही म्हणून सुटले नव्हते. मी तो कागद आईच्या हाती दिला. तिने चष्मा लावून तो शांतपणे वाचला आणि विचारले, "सगळं छान आहे रे, पण यात गाडी थांबते कधी?"

या प्रश्नाला कोणाजवळच उत्तर नव्हते. आराखड्यात पाहावयाची ठिकाणे होती. ती पाहण्यासाठी लागणारा वेळ नव्हता. जेवण, मुलांची झोप, पेट्रोल, वाट चुकणे, पाऊस यांपैकी कशालाही त्यात जागा नव्हती. आणि ज्या एका माणसाने ही सारी गाडी हाकावयाची, त्याच्या थकव्याचा तर विचारही झाला नव्हता. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी त्याची स्थिती होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तो फाडून नव्याने सुरुवात केली.

अंतर तासांत मोजावे

आखणीचा पहिला नियम असा, की अंतर किलोमीटरात न मोजता तासांत मोजावे आणि ते तासही नकाशाने सांगितलेले घेऊ नयेत. न्यूझीलंडमध्ये गावाबाहेरील रस्त्यांवर सामान्यतः ताशी १०० किलोमीटरची कमाल मर्यादा असते. ही मर्यादा पाहून आपली फसगत होते. शहरे सोडली तर बहुतेक रस्ते दोन पदरी आहेत, डोंगरांतून वळणे घेत जाणारे आहेत, आणि ताशी १०० ही तेथे केवळ कायद्याने दिलेली मुभा असते. त्या वेगाने जावे असे वळण सांगत नाही. आपल्याकडे निलगिरीच्या वा सह्याद्रीच्या घाटांतून ज्यांनी गाडी चालविली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

क्राइस्टचर्चहून टेकापो सरोवर सुमारे २२५ किलोमीटरांवर आहे. नकाशा तीन तास सांगतो. कुटुंबासह निघालेल्या माणसाने साडेचार तास धरावेत. नकाशाच्या वेळेत निम्म्याने भर घालावी, दर दोन तासांनी थांबावे आणि एका दिवसात नकाशावरील चार तासांहून अधिक प्रवास ठरवू नये, हे मोजमाप आम्ही स्वीकारले आणि ते उपयोगी पडले.

दुसरा नियम मुक्कामांचा. दर रात्री नवे गाव घेतले म्हणजे रोज सकाळी सामान बांधणे आणि रोज संध्याकाळी ते सोडणे आले. यात दिवसातील दोन-तीन तास सहज जातात आणि घरातील एका व्यक्तीला, बहुधा गृहिणीला, सहलीचा आनंद मिळतच नाही. म्हणून शक्य तेथे एका ठिकाणी किमान दोन रात्री राहावे आणि आसपासची स्थळे तेथून पाहून यावीत.

दहा रात्रींचा आराखडा

या दोन नियमांप्रमाणे उत्तर बेट पूर्णपणे गळाले. दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा व तेथील हिमनद्या यांवरही पाणी सोडावे लागले. उरलेला आराखडा असा झाला.

पहिल्या दोन रात्री क्राइस्टचर्च. भारतातून येथे पोचेपर्यंत विमाने बदलावी लागतात आणि घड्याळही ऋतूप्रमाणे साडेसहा ते साडेसात तास पुढे सरकते. अशा अवस्थेत विमानतळावरच गाडी घेऊन दूरच्या रस्त्याला लागणे हा सर्वांत मोठा धोका होय. पहिला दिवस झोपेला द्यावा. दुसऱ्या दिवशी शहर पायी पाहावे. २०११ सालच्या फेब्रुवारीतील भूकंपात येथे १८५ माणसे मृत्यू पावली. त्या आघातातून शहर पुन्हा उभे राहिलेले आहे. गाडी त्यानंतर ताब्यात घ्यावी आणि तासभर शहराच्या कडेच्या शांत रस्त्यांवर चालवून हात बसवून घ्यावा.

पुढील दोन रात्री टेकापो. सरोवराच्या काठी १९३५ साली बांधलेले दगडी प्रार्थनामंदिर आहे. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची बारीक पूड पाण्यात तरंगत राहिल्याने सरोवराचा रंग दुधाळ निळा दिसतो. येथील आकाशही पाहण्याजोगे आहे. या प्रदेशातील दिव्यांवर निर्बंध असून २०१२ साली त्याला आंतरराष्ट्रीय तारांगण-अभयारण्याचा दर्जा मिळाला. मधल्या दिवशी पुकाकी सरोवराच्या काठाने सुमारे १०५ किलोमीटरांवरील आओराकी, म्हणजेच माउंट कुक, पाहून परत यावे. न्यूझीलंडचे हे सर्वोच्च शिखर ३,७२४ मीटर उंच आहे.

त्यानंतर ९७१ मीटर उंचीची लिंडिस खिंड ओलांडून क्वीन्सटाउनला दोन रात्री, तेथून १७० किलोमीटरांवरील टे आनाउ येथे तीन रात्री, आणि शेवटची रात्र पुन्हा क्वीन्सटाउनला. तेथेच विमानतळावर गाडी परत द्यावी. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत करता येते. त्यासाठी काही अधिक भाडे पडते, परंतु पुन्हा क्राइस्टचर्चपर्यंतचा सुमारे ४८० किलोमीटरांचा प्रवास वाचतो. आसपासचे फिरणे धरून एकूण चाल तेराशे-चौदाशे किलोमीटरांची होते.

मिलफर्डची वाट

टे आनाउसारख्या लहान गावी तीन रात्री कशासाठी, असा प्रश्न आपणास पडेल. त्याचे उत्तर मिलफर्ड साउंड हे आहे. उंच कड्यांमधून समुद्राचा चिंचोळा हात डोंगरांच्या पोटात शिरला आहे. वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथे पडतो, आणि पाऊस पडला की प्रत्येक कड्यावरून धबधबे कोसळू लागतात. हे दृश्य पाहण्यासाठी असंख्य प्रवासी क्वीन्सटाउनहून सकाळी निघून रात्री परत येण्याचा बेत करतात. हे अंतर एका बाजूने सुमारे २९० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठ तासांचे चालविणे होते. मधे बोटीची सफर, आणि परतीची वाट बहुधा अंधारातून. परक्या देशातील नवख्या चालकाने हा बेत करू नये.

टे आनाउहून मात्र मिलफर्ड सुमारे १२० किलोमीटरांवर आहे. हा रस्ताच मुळी पाहण्याचा विषय आहे. वाटेत होमर बोगदा लागतो. मंदीच्या काळात, १९३५ साली, पाच कामगारांनी कुदळी-फावड्यांनी त्याच्या कामास आरंभ केला. हिमलोटांनी काहींचे बळी घेतले, महायुद्धामुळे काम थांबले, आणि अखेर १९५४ साली तो वाहनांसाठी खुला झाला. सव्वा किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा हा बोगदा मिलफर्डच्या बाजूस चांगलाच उतरता आहे.

आम्ही मे महिन्यात गेलो होतो. आपली उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे तिकडील शिशिराची चाहूल, हे आखणी करताना विसरू नये. मेच्या मध्यास टे आनाउ येथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. सकाळी सावलीतील रस्त्यावर बर्फाचा पातळ, न दिसणारा थर असू शकतो. मे ते नोव्हेंबर या काळात या वाटेवर फलक सांगेल तेव्हा चाकांच्या साखळ्या जवळ बाळगाव्या लागतात.

आमच्या ठरल्या दिवशी सकाळी पाहतो तो हिमवर्षावामुळे रस्ता बंद. मुले हिरमुसली. मलाही क्षणभर वाईट वाटले. आई मात्र सरोवराच्या काठी बाकावर शाल गुंडाळून बसली आणि दिवसभर पाण्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास रस्ता खुला झाला. आम्ही सावकाश गेलो, बोटीतून फिरलो आणि उजेड असता परत आलो. आराखड्यात तो एक मोकळा दिवस नसता, तर एक तर मिलफर्ड हुकले असते, किंवा ते हुकू नये म्हणून मी परतीच्या विमानाची वेळ डोळ्यांपुढे ठेवून त्या रस्त्यावर गाडी दामटली असती. यांतील दुसरी शक्यता आठवली की आजही अंगावर काटा येतो. आपल्या घाटांत लिहिलेले असते, 'अति घाई संकटात नेई'. हे संकट बहुधा घरी आराखडा लिहितानाच आपण ओढवून घेतो.

निघण्यापूर्वी

काही व्यावहारिक गोष्टी आता थोडक्यात सांगतो. वाहन परवाना इंग्रजीत नसेल तर त्याचे अधिकृत भाषांतर वा आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना जवळ असावा लागतो. हा परवाना आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मिळतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. मूळ परवानाही सोबत न्यावा. शक्य असल्यास घरातील दोघांची नावे चालक म्हणून नोंदवावीत. विम्याच्या करारात अपघात झाल्यास आपल्या पदरची किती रक्कम भरावी लागेल, ते सही करण्यापूर्वी वाचावे. सात वर्षांखालील मुलासाठी त्याच्या वयाला योग्य असे बालआसन बंधनकारक आहे. ते गाडीबरोबरच मागून घ्यावे.

रस्त्याचे काही नियम घरीच पाठ करावेत. वर्तुळाकार चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनास आधी जाऊ द्यावे. 'थांबा' असा फलक असेल तेथे रस्ता रिकामा असला तरी गाडी पूर्ण थांबवावी. कित्येक पुलांवर एकच वाहन जाईल एवढीच वाट असते. लाल किनारीच्या गोल फलकावर आपल्या दिशेचा बाण लहान व लाल असेल तर समोरच्यास वाट द्यावयाची. निळ्या चौकोनी फलकावर आपला बाण मोठा व पांढरा असेल तर आपला अग्रहक्क. आपल्यामागे वाहने साचली तर बाजूच्या जागेत शिरून त्यांना पुढे जाऊ द्यावे. मोबाईल हातात धरून गाडी चालविणे हा गुन्हा आहे. मिलफर्डच्या वाटेवर तो बहुतेक ठिकाणी लागतही नाही. तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्यावा व पेट्रोलची टाकी टे आनाउ येथे भरावी.

आणि गृहिणींसाठी एक सूचना. तेथील शेती व वनसंपत्ती यांच्या रक्षणासाठी बाहेरून येणाऱ्या खाद्यपदार्थांची कसून तपासणी होते. ताजी फळे व मध नेता येत नाहीत. फराळ, मसाले, लोणचे यांपैकी जे काही सामानात असेल ते उतरताना भरावयाच्या घोषणापत्रात लिहावे. लपविण्याचा हेतू नसला तरी न लिहिलेल्या वस्तूबद्दल जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलरांचा दंड होऊ शकतो. चपला-बुटांना माती लागलेली नसावी.

देश कोणताही असो, आखणीचे तत्त्व हेच राहते. प्रथम गाडी चालविणाऱ्याची शक्ती आणि दिवसाचा उजेड मोजावा, त्यात बसतील तेवढीच ठिकाणे घ्यावीत, आणि एक दिवस कोणत्याही कामाला न लावता राखून ठेवावा. आराखडा पुरा झाला, की तिकिटे काढण्यापूर्वी तो घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीच्या हाती द्यावा आणि त्यात गाडी कधी थांबते, हे तिला विचारावे.