सॉफ्टवेअरच्या कचेरींतील काम

२०२० सालच्या मार्च महिन्यांत देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पुण्याजवळील हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांचें काम नोकरांच्या घरोघर जाऊन पोहोंचलें. केळीच्या बागा आणि केळीचे भाव हाच जेथें नित्याचा विषय, त्या रावेरसारख्या गांवींहि पुण्याहून परतलेल्या मुलामुलींनीं घराच्या एका कोपऱ्यांत टेबल मांडलें. आईबापांना त्यांचें काम प्रथमच डोळ्यांनीं पाहावयास मिळालें. परंतु उलगडा होण्याऐवजीं कोडेंच पडलें. मुलगा कानाला यंत्र लावून तासन् तास बोलतो, कांहीं वेळ नुसता पडद्याकडे पाहत बसतो, आणि बोटें मात्र थोडाच वेळ चालतात. मग हा काम करतो तरी केव्हां? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. या धंद्याचें मर्म त्यांतच आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञांची मालिका. शेतांतल्या गड्याला ‘जरा पाणी सोड’ एवढें सांगितलें तरी पुरतें; कोणत्या वाफ्यांत, किती वेळ, हें तो अनुभवानें ओळखतो. संगणकापाशीं हा समजूतदारपणा नाहीं. रेल्वेचें तिकीट मोबाइलवर काढावयाचें, तर जागा शिल्लक आहे काय, पैसे जमा झाले काय, तीच जागा त्याच क्षणीं दुसऱ्यानें मागितली तर ती कोणास द्यावी, पैसे कापले जाऊन मध्येंच संपर्क तुटला तर काय करावें, हें सारें आधींच कोणीतरी विचार करून लिहून ठेवावें लागतें. तेव्हां लिहिण्यापूर्वीं विचारणें हा कामाचा मोठा भाग होय.

हें काम एकट्यादुकट्याचें नसतें. गिऱ्हाइकाची गरज कोणी समजून घेतो, कोणी आज्ञा लिहितो, त्याचें लिखाण दुसरा वाचून तपासतो, आणि परीक्षा घेणारा मुद्दाम वेडीवांकडी माहिती घालून तें कोठें मोडतें तें पाहतो. नवख्या मनुष्याचे पहिले कित्येक महिने बहुधा दुसऱ्याचें जुनें लिखाण वाचण्यांत आणि त्यांतले दोष काढण्यांत जातात. पुष्कळ कचेऱ्यांतून रोज पंधरा मिनिटांची बैठक होते. काल काय झालें, आज काय करावयाचें आणि अडचण कोणती, एवढेंच तींत प्रत्येकानें सांगावयाचें असतें.

या बोलण्याचें महत्त्व किती, हें एका उदाहरणानें ध्यानांत येईल. अमेरिकेच्या नासा या संस्थेनें १९९८ च्या डिसेंबरांत मंगळाकडे एक यान पाठविलें. २३ सप्टेंबर १९९९ रोजीं तें मंगळापाशीं पोहोंचलें आणि नाहींसें झालें. चौकशींत असें आढळलें कीं, एका गटाचें सॉफ्टवेअर इंजिनाच्या रेट्याचा आंकडा पौंडांच्या मापांत देत होतें, आणि दुसरा गट तो न्यूटनच्या मापांत आहे असें धरून चालला होता. एक पौंड बल म्हणजे सुमारें साडेचार न्यूटन. दोन्ही बाजूंस विद्वान माणसें होतीं, गणितहि कोणाचें कच्चें नव्हतें. चूक दोघांच्या मधल्या जागेंत होती.

या धंद्याला कष्टाची बाजूहि आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ सालीं मुंबईस निघाली, इन्फोसिस १९८१ सालीं पुण्यास. आणि पुढें हा व्यवसाय वाढला तो मुख्यतः परदेशी गिऱ्हाइकांवर. न्यूयॉर्कमध्यें उन्हाळ्यांत सकाळचे नऊ वाजतात, तेव्हां आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. त्यामुळें घरांत पानें मांडण्याच्या वेळींच बैठक निघते. हातचें काम संपून नवें मिळेपर्यंत जो काळ जातो, त्यास या मंडळींत ‘बेंचवर असणें’ म्हणतात. पगार चालू असतो, पण तो लांबला कीं नोकरीचा घोर लागतो. अशा वेळीं ‘बसून पैसे मिळतात’ हे घरचे शब्द मनाला फार लागतात.

आपल्या मुलास या धंद्यांत घालूं इच्छिणारे पालक गणिताचे गुण पाहतात. तें योग्यच आहे. परंतु ‘मला कळलें नाहीं’ असें म्हणावयाची लाज मुलाला वर्गांत लागली, तर ती कचेरींत फार महाग पडते. रावेरचा बागाईतदार सौदा करतांना भाव दांड्यासकट घडाचा कीं नुसत्या फण्यांचा, हें आधीं विचारून घेतो, आणि त्यांत त्यास कमीपणा वाटत नाहीं. माडीवर बसलेला त्याचा मुलगा दिवसभर जें बोलत असतो, तें बव्हंशीं हेंच विचारणें असतें.