चित्र यंत्राचे, वर्णन आपले

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत मोफत कायदा सल्ला शिबिर ठेवले होते. पत्रकासाठी चित्र हवे होते आणि चित्रकाराला द्यायला पैसे नव्हते. तेव्हा एका विद्यार्थ्याने मोबाईल काढला, 'वकील गावातील बाईला सल्ला देताना' एवढे लिहिले आणि मिनिटाभरात चित्र पुढे केले. चित्रातील वकील म्हणजे सुटाबुटातला गोरापान पुरुष! मागे परदेशी थाटाचे न्यायालय आणि समोर दागिन्यांनी मढलेली बाई. शिबिरात सल्ला देणार होते मी, आणि ऐकायला येणार होत्या शेतमजूर व घरकामगार भगिनी. त्या चित्रात आमच्यापैकी कोणीच नव्हते.

"ताई, मशीनच तसं आहे," विद्यार्थी म्हणाला. मी म्हटले, "मशीन तसे आहेच, पण आपण त्याला सांगितले तरी काय?"

हे यंत्र काम कसे करते ते आधी समजून घेतले पाहिजे. त्याला कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्यासोबतची वर्णने दाखवून शिकविलेले असते. आपण वर्णन लिहिले की अशी बरीच यंत्रे निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि वर्णनाशी जुळेल असे चित्र टप्प्याटप्प्याने त्यातून साफ करीत आणतात. आपण जे सांगत नाही, ते यंत्र शिकलेल्या साठ्यातून भरून काढते. खरी मेख इथेच आहे.

तो साठा कोणाचा? ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले 'स्टेबल डिफ्यूजन' हे यंत्र ज्या 'लायन-५बी' संग्रहातून शिकले, त्यात चित्र-वर्णनाच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. त्यातील सुमारे २३२ कोटी वर्णने इंग्रजीत होती आणि यंत्राच्या सुरुवातीच्या आवृत्त्या प्रामुख्याने याच इंग्रजी भागावर घडल्या. परिणाम काय झाला? २०२३ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने याच यंत्राकडून पाच हजारांहून अधिक चित्रे काढून घेऊन तपासली. अमेरिकेत ३४ टक्के न्यायाधीश स्त्रिया असताना यंत्राने काढलेल्या न्यायाधीशांत त्या जेमतेम ३ टक्के निघाल्या! म्हणजे यंत्र समाजातील विषमता नुसती दाखवीत नाही, तर ती वाढवून दाखविते.

यावर नवशिक्याच्या हातात असलेला उपाय एकच, तो म्हणजे नेमके लिहिणे. आम्ही वकील दावा लिहितो तेव्हा कोण, कुठे, केव्हा, काय केले हे सगळे मांडतो. मोघम दावा टिकत नाही, तसेच मोघम वर्णनही टिकत नाही. चित्रात कोण आहे, वय काय, वर्ण कसा, पेहराव कोणता; ती व्यक्ती काय करीत आहे; जागा कोणती; उजेड कुठून येतो; चित्र छायाचित्रासारखे हवे की शाईच्या रेघांचे, एवढे सांगावे. आम्ही पुन्हा लिहिले ते असे : "महाराष्ट्रातील चाळिशीची सावळी महिला वकील, काळा कोट, गळ्याला पांढरा बँड. समोर लाकडी बाकावर साठीची शेतमजूर बाई, साधी सुती साडी, अंगावर दागिने नाहीत. दोघी टेबलावरचा कागद वाचत आहेत. पत्र्याचे छप्पर, भिंतीशी पुस्तकांचे कपाट, खिडकीतून सकाळचा उजेड. काळ्या शाईच्या रेघांचे चित्र." या वेळी आलेले चित्र आमच्या शिबिराचे होते.

पहिल्याच चित्रावर समाधान मानू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कोणत्या शब्दाने काय बदलले ते कळते. मराठीत लिहून जमले नाही, तर तेच वर्णन इंग्रजीत देऊन पाहावे. बोटे मोजावीत. अशोकचक्र काढविले असेल तर २४ आरे मोजावेत, कारण मोजणीत ही यंत्रे चुकतात. देवनागरी अक्षरेही अनेकदा वेडीवाकडी उमटतात, म्हणून मजकूर चित्रावर नंतर स्वतः टाकावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. कल्पनेचे चित्र काढा, पण खोटे छायाचित्र तयार करू नका. १९२७ च्या महाडचे किंवा १९५६ च्या नागपूरचे 'दुर्मिळ छायाचित्र' म्हणून यंत्राने काढलेले चित्र उत्साहाने पसरविणारा कार्यकर्ता चळवळीचे नुकसानच करतो. आपला इतिहास नाकारणारे टपूनच बसलेले आहेत. एक खोटे छायाचित्र उघडे पडले की ते दहा खऱ्यांवर संशय घेतील. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते. तीच शिस्त आपण स्वतःला लावून घ्यावी. 'हे चित्र संगणकाने तयार केले आहे' असे चित्राखाली स्पष्ट छापावे. आमच्या पत्रकावर आम्ही ते छापले. जिवंत माणसाचे चित्र त्याच्या संमतीशिवाय काढू नये, आणि अत्याचारग्रस्त कुटुंबाचे तर मुळीच नाही.

मालकीचा प्रश्नही येतोच. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २(डी)(६) मध्ये संगणकाने निर्माण झालेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती, असे म्हटले आहे. कर्तेपण आपल्याकडे येऊ शकते, तर जबाबदारीही आपल्याकडेच येते. यंत्राने केले, मी नाही, हा बचाव चालणार नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहावे, याची वाट त्यांनी पाहिली नाही. यंत्राच्या साठ्यात आपण कमी आहोत, म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. अभ्यासिकेतील मुलामुलींनी रविवारी तासभर बसावे, आपल्या वस्तीचे, आईच्या कामाचे, शाळेच्या वाटेचे वर्णन आधी वहीत लिहावे आणि मग यंत्राला द्यावे. चित्र चुकले तर यंत्राला काय सांगायचे राहिले, ते वहीत पाहून पुन्हा लिहावे.